अज्ञान मुखत्यारांचे अर्थशिक्षण

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या आपल्या उपनगरांत ज्या प्रश्नाने सांप्रत पालकवर्गाची झोप उडविली आहे तो पाण्याचा नाही, लोकलच्या गर्दीचा नाही, रखडलेल्या पुनर्विकासाचाही नाही. मुलांना पैशाचे वळण कसे लावावे, हा तो प्रश्न होय. वळण लावण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते स्वतः दुधाच्या पिशवीपासून चपलांच्या जोडापर्यंत सर्व काही अंगठ्याने विकत घेतात, दहा मिनिटांत दारी आलेली कोथिंबीर केवढ्याची हे त्यांना ती निवडताना आठवत नाही, आणि तरीही आपल्या चिरंजीवांना व कन्यारत्नांना काटकसरीचे बाळकडू पाजण्याची त्यांची उमेद तसूभरही कमी होत नाही.

सरकारदरबारी या कामात कसूर झाली आहे असे म्हणता येणार नाही. दहा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाने स्वतःचे बचत खाते स्वतः चालवावे, ही २०१४ साली दिलेली मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नव्या परिपत्रकाने कायम ठेवली. मर्यादा काय घालावी ते ज्या त्या बँकेने ठरवायचे. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची योजना अवतरली होती. तिच्या अन्वये एक खातेदार आपल्या खात्यातून खर्च करण्याचे मुखत्यारपत्र पाच जणांपर्यंत देऊ शकतो. मुखत्यारी पूर्ण असेल तर एका व्यवहारास पाच हजार व महिन्यास पंधरा हजार रुपयांपर्यंत कोणी विचारणार नाही. आंशिक असेल तर प्रत्येक खर्चास मूळ खातेदाराची मंजुरी लागेल. सावध पालक अर्थातच आंशिक मुखत्यारी पसंत करतात.

तिचा अंमल प्रत्यक्षात कसा होतो तो पाहण्यासारखा आहे. चिरंजीव घाटकोपरच्या खाऊगल्लीत चीज घातलेल्या डोशासमोर उभे असतात. मातोश्री त्याच क्षणी सायंकाळच्या मेट्रोत, अंधेरी सोडून घाटकोपरकडे निघालेल्या डब्यात, एक हात वरच्या कडीत आणि दुसरा पर्समध्ये अशा अवस्थेत असतात. फोन थरथरतो. एकशे ऐंशी रुपयांच्या मंजुरीचा अर्ज दाखल झालेला असतो. खर्चाचे प्रयोजन काय, कालच्या एकशे चाळीसांचे काय झाले, घरी झाकून ठेवलेल्या पोळीभाजीची वाट काय, हे सवाल करण्यास स्थळही नसते आणि सवडही. साकीनाका येण्यापूर्वी मातोश्री अंगठ्याने आकडे दाबून अर्ज निकाली काढतात, तव्याशेजारचे बोलके खोके एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाल्याची द्वाही फिरविते, आणि अर्थशिक्षणाचा तास संपतो. या तासात मुलगा एवढेच शिकतो की इच्छा झाली असता अर्ज करावा, तो मंजूर होतो. त्याच्या हातून नोट मोडत नाही, परत आलेले सुटे मोजावे लागत नाहीत, खिसा हलका होत नाही; मग हळहळ वाटायची ती कशाची?

ज्यांचे केस आता पिकू लागले आहेत त्यांना शाळेतली संचयिका आठवत असेल. राष्ट्रीय बचतीच्या प्रचारासाठी निघालेली ही पोरांची पेढी गुरुजींच्या देखरेखीखाली भरे. वर्गातलीच पोरे रोखपाल आणि हिशेबनीस होऊन बसत, वर्गबंधूंची नाणी मोजून घेत, पासबुकात शाईने नोंद करीत. तिच्यामुळे कोणी धनाढ्य झाल्याचे ऐकिवात नाही. परंतु तिचे मोल मला तिच्या ठेवींत दिसत नाही. मुलाला तिने गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूस बसविले, यात दिसते. दुसऱ्याचे दहा पैसे ज्याच्या कीर्दीत जुळत नसत त्याला सुटीची घंटा झाली तरी उठण्याची सोय नसे. आजची योजना मुलाच्या हाती खर्चाचा अधिकार देते, त्या पेढीने त्याच्या माथी हिशेबाची जोखीम मारली होती; आणि दहा वर्षांच्या जिवाला यांपैकी आधी काय द्यावे याविषयी माझे मत मुळीच डळमळीत नाही.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया आणि पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढे यांवर वाढलेल्या पिढीतही तोंडी हिशेब बिनचूक करून गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले महाभाग होतेच. पाढ्यांनी त्यांना आपण किती बुडालो आहोत तेवढे कळत असे. आजच्या फोनात तर पै न् पैची नोंद तारीखवार आणि वेळेसकट आपोआप होते. एवढी चोख कीर्द पाहून नाना फडणविसांनीही मान डोलावली असती. ती महिन्याअखेर उघडून वाचण्याचा रिवाज तेवढा कोणत्याही घरात आढळत नाही.

त्याऐवजी शिबिरे आहेत. सुटी लागली की उपनगरांतल्या सोसायट्यांच्या फलकांवर बाल-अर्थसाक्षरतेची जाहिरात झळकते. म्युच्युअल फंड, चक्रवाढ व्याज आणि ‘गरज की चैन’ हे विषय तीन दिवसांत शिकविण्याची हमी असते, आणि शुल्क जड वाटल्यास सुलभ हप्त्यांची सोयही असते. गरज की चैन या विषयाचा उत्तम पाठ खरे तर या हप्त्यांच्या ओळीतच आहे. पण ती बारीक अक्षरांत छापलेली असल्यामुळे वाचायची राहून जाते.

पालकांस माझी विनंती इतकीच की शिबिरात नाव घालण्यापूर्वी एका रविवारी आपल्या फोनातला गेल्या महिन्याचा खर्च मुलासमोर ठेवावा, त्याला तो कागदावर उतरवून बेरीज करू द्यावी, आणि तो बोट ठेवील त्या प्रत्येक रकमेचा, रात्री साडेअकराला मागविलेल्या आइस्क्रीमसकट, खुलासा करावा. खुलासा मुलाला पटला नाही, तर हे शिबिर मोठ्यांसाठीही भरते काय याची चौकशी करावी.