आवडतं एक, लावतो एक

सुशिक्षित मराठी माणसाला आवडता चित्रपट विचारून बघा. तो क्षणभर छताकडे बघतो आणि ‘श्वास’ म्हणतो. समोर तरुण मंडळी असली तर ‘कोर्ट’. दोन्हींना सुवर्णकमळ, दोन्ही भारतातर्फे ऑस्करच्या वारीला गेलेले. अशा आवडीला नावं ठेवायची कोणाची छाती आहे? मग विचारा, ‘शेवटचा कधी पाहिलात?’ इथे कमळ मिटतं.

याच माणसाच्या घरी रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलं की ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला असतो. १९८८चा. मध्येच कुठूनतरी, सुरुवातीपासून बघायची घरात कोणालाच गरज उरलेली नाही. धनंजय माने कुठे राहतात हे पाचवीतल्या पोरीलाही पाठ आहे. तरी आवडत्यांच्या यादीत त्याला जागा नाही, कारण तो म्हणे ‘टाइमपास’! माझं मत विचाराल तर पुण्यात खोली शोधण्याचे हाल याहून खरे कोणी दाखवलेले नाहीत. बिनलग्नाच्या पोरांना घर मिळेना, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. गोष्ट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची, म्हणजे रोग त्याहून जुना. आज कोथरूडमध्ये चार बॅचलर पोरांनी फ्लॅट मागून बघावा. भाडं वाढलंय, सिनेमातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांची अट तीच आहे.

चित्रपटाच्या बाबतीत आपण निदान खोटं बोलतो. मालिकांच्या बाबतीत तर शिव्या देत देत बघतो. ‘चार दिवस सासूचे’ मधले चार दिवस अकरा वर्षं चालले, भाग तीन हजारांवर गेले. एवढे दिवस ते कोण बघत होतं? विचाराल तो म्हणतो, ‘आमच्याकडे आई बघायची.’ ‘होणार सून मी ह्या घरची’ मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा महाराष्ट्रभर विनोदांना ऊत आला होता. विनोद करणाऱ्यांना कालच्या भागात काय झालं ते बरोबर ठाऊक असायचं. न बघता?

‘हल्ली चांगल्या मालिकाच होत नाहीत’ म्हणणारे सगळे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चं नाव घेतात. मीही घेतो. दिलीप प्रभावळकरांचे आबा, साधं घर, कोणी कोणाच्या दुधात काही कालवत नाही. आणि मुख्य म्हणजे मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि वेळेवर संपली. आज ती रोज संध्याकाळी सुरू केली तर दुसऱ्या महिन्यात आबांची स्मृती जाईल, तिसऱ्यात त्यांचा जुळा भाऊ येईल. आणि चौथ्या महिन्यात टिपरेप्रेमी मंडळीच विचारतील, ‘काल काय झालं हो? लाइट गेले होते.’

आता गंमत ऐका. टीआरपी मोजायला काही निवडक घरांत ‘बार्क’चं यंत्र बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात, आपल्या कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. यंत्र ती टिपतं आणि कोणती वाहिनी किती वेळ चालू होती ते कळवतं. बघताना तुम्ही काय बोललात, हे ते कळवत नाही. ‘काय हा फालतूपणा’ म्हणत काकूंनी अर्धा तास काढला, तर यंत्राच्या लेखी काकू अर्धा तास खूश होत्या. गुरुवारी आकडे येतात, लेखकाला फोन जातो: ‘सासूचं कारस्थान चालतंय, अजून दोन महिने ओढा.’ कारस्थान सासूचं नसतंच, काकूंचं असतं.

तेव्हा ‘श्वास’ आवडतो म्हणून सांगायला हरकत नाही, सांगायला पैसे पडत नाहीत. पण वाहिन्यांना तुमचं मत ऐकूच येत नाही. त्यांना फक्त रिमोट कळतो. मालिका खरंच नकोशी झाली असेल, तर त्याच्यावर वरच्या कोपऱ्यात एक लाल बटण असतं. आपल्याकडे ते बहुधा कोरं करकरीत असतं. बाकीच्या बटणांवरचे आकडे पुसून गेलेत.