बूच

गोव्यात माडावर चढून सूर काढणारा तो रेंदेर. इंग्रजीत टॅपर. सासष्टीतल्या एका वाडीत रेंदेरबाब कमरेला काती खोचून, खोडातल्या खाचांवर पाय देत सरसर वर गेले आणि खाली मला व्याख्यान सुचलं. श्रोते दोन: त्यांचा नातू आणि एक कोंबडी.

"टॅप हे मुळात दोन वेगळे शब्द, बरं का. ठकठक करायचा टॅप फ्रेंचांकडून आलेला. रस काढायचा टॅप मात्र अस्सल जुना इंग्रजी. त्याचा मूळ अर्थ पिंपाचं बूच! पिंपातून बिअर काढून विकणारा टॅपर, विकणारी बाई टॅपस्टर. रबराचा चीक काढणारा टॅपर त्याच घराण्यातला, आणि लोकांचे फोन चोरून ऐकणाराही."

नातू कोंबडीमागे गेला. वर रेंदेरबाब पोयीच्या टोकाची पातळ चकती उडवत होते. ताज्या कापातून सूर मडक्यात ठिबकतो. रोज चढून कापावं लागतं, नाहीतर धार आटते. एवढं कळायला त्यांना व्युत्पत्ती लागत नव्हती.

घरी सान्नांचा बेत होता. तांदळाचं पीठ सुरानंच फुगतं. गोव्यातले पोदेर पूर्वी पावही त्यावरच फुगवत. रेंदेरबाबांनी बाटली भरून दिली आणि बजावलं, बूच घट्ट मारू नका. बुचावर नुकतंच भाषण ठोकलेल्या माणसाला बुचाबद्दल सल्ला! मी बूच मारलं, अंगठ्यानं दाबलं, वर सुतळीही आवळली.

सूर झाडावरच आंबायला लागतो. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, ही माहिती मला शाळेपासून होती. परीक्षेत मार्कही पडले होते.

रात्रीची गाडी, वरचा बर्थ, उशाशी बाटली. समोरच्या गृहस्थांना मी ठकठकवाला टॅपर समजावत होतो: रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून, आवाजावरून तडा ओळखणारा. "निरोगी चाक कसं खणखणीत..." इथवर आलो आणि खणखणीत आवाज झालाच. बूच पंख्यावर आपटलं, सुतळी माझ्या कानात अडकली आणि फेसाळ आंबूस सूर थेट खालच्या बर्थवर उतरला. तिथल्या आजी ताडकन उठून बसल्या.

"दारू की काय हो ही?"

"नाही हो आजी, सूर आहे."

"सूर असो नाहीतर ताल, माझी शाल कोण धुणार?"