‘घर’ नावाचं गिऱ्हाईक

लेस्टर, इंग्लंड

ती. आई-बाबांस,
 

आई, फोनवर तू दर वेळी विचारतेस, “बसायला खुर्ची आहे ना गं?” आहे. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची खोली आहे, खोलीत खुर्ची आहे आणि खुर्चीवर मामंजींचा कोट बसलेला असतो. शेजारच्या काकूंना तू सांगितलंस म्हणे, की आमची लेक परदेशात लॉजिस्टिक्स सांभाळते. खोटं नाही ते. पण बाबांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर जन्मभर जे केलं तेच मी करते. आलेला माल मोजायचा, ठेवायचा, शोधायचा आणि ट्रकवाल्याशी हुज्जत घालायची. फरक इतकाच, की बाबांच्या डोक्यावर टोपी असायची आणि माझ्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचं शेंदरी जाकीट असतं. तेही पुरुषी मापाचं, थेट गुडघ्यापर्यंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कामावरून तशीच गेले, तर दारात एका बाईंनी मला विचारलं, “गाडी कुठं लावू?”

आपला माल न्हावा-शेव्याहून बोटीनं फेलिक्स्टोला उतरतो आणि ए-१४ रस्त्यानं ट्रकवर बसून आमच्याकडे येतो. पूर्वी बोट सुएझमधून यायची. २०२३ च्या अखेरीला लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. त्यात दहा-बारा दिवस जास्त जातात. त्यामुळे दिवाळीचे पोहे आम्ही ऐन उन्हाळ्यात मागवायला लागलो. मामंजींना हे काही केल्या पटत नाही. “वास्को द गामा ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं आपले पोहे कशाला यायला हवेत?” असं ते बोटीच्या एजंटला फोनवर विचारतात. एजंट बिचारा इंग्रज. तो म्हणतो, चौकशी करून कळवतो.

कंटेनर दारात आला की सील तोडायचं आणि थांबायचं. हे थांबणं भावजींना जमत नाही. दार उघडलं की ते आत शिरायला निघतात. कीड लागू नये म्हणून मालाला धुरी दिलेली असते आणि तो विषारी वायू आत कोंडलेला असू शकतो. बाबा, हरिपूरच्या पेवाचं तोंड उघडल्यावर तुम्ही माणसाला लगेच खाली उतरू द्यायचा नाहीत, आत श्वासापुरती हवा नसते म्हणून. मी भावजींना तेच सांगितलं. त्यांचा जन्म इथला. जमिनीत खड्डा खणून हळद वर्षानुवर्षं ठेवायचे, यावरच त्यांचा विश्वास बसेना. पेवाचा एखादा जुना फोटो असेल तर पाठवा. तोवर हवा तपासायचं यंत्र आणलंय. त्यानं होकार दिल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाही. यंत्राचं भावजी ऐकतात, वहिनीचं नाही.

आतली पोती छतापर्यंत सुटी रचलेली असतात. लाकडी पॅलेट जागा खातात, म्हणून तिकडून ते घालतच नाहीत. ठरलेल्या वेळेपलीकडे ट्रक थांबला की भाडं चढतं, तेव्हा त्या दिवशी घरातला प्रत्येकजण हमाल. इथल्या सरकारी सुरक्षा खात्याचा एक तक्ता आहे. कंबरेच्या उंचीवर, अंगालगत धरून पुरुषानं २५ किलो उचलावं, बाईनं १६. कायदा नव्हे, सांभाळून राहण्यासाठीचा आकडा. आमचं तांदळाचं पोतं २० किलोचं. मी तो तक्ता भिंतीवर चिकटवला. मामंजींनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाले, “मग चार किलो सांडून उचल.” जाऊबाईंचा प्रश्न वेगळाच होता. त्यांचा धाकटा सोफ्यावर झोपतो आणि त्या त्याला उचलून जिना चढतात. तो अठरा किलोचा आहे. तेव्हा हा तक्ता कुठं असतो म्हणून विचारत होत्या. बाबा, तुमच्या आडतीवरचे हमाल क्विंटलाची पोती पाठीवर घ्यायचे, हे मी त्या दोघांनाही मुद्दामच सांगितलेलं नाही.

फोर्कलिफ्ट चालवायला मी रीतसर शिकले, परीक्षा दिली. त्या गाडीची मागची चाकं वळतात, पुढची नाहीत. नवख्याला ते चमत्कारिक वाटतं, मला नाही वाटलं. आमच्या घरातही पुढं मामंजी दिसतात आणि वळवतात सासूबाई. बेलग्रेव्ह रोडवरचे गुजराती दुकानदार मात्र अजून फोनवर “बेन, शेठने आपो ने” म्हणतात. मी फोन मामंजींना देते. मामंजी ऐकून घेतात, “एक मिनिट हं” म्हणतात, मला विचारतात आणि मी सांगितलेलं जड आवाजात परत सांगतात. दुकानदार खूश, शेठही खूश.

खरी लढाई पत्त्यांची. मांडणीवरच्या प्रत्येक जागेला मी पत्ता दिलाय. सी-०४-३ म्हणजे सी गल्ली, चौथा खण, तिसरा मजला. मामंजींचे पत्ते निराळे: “जुन्या फ्रीजच्या मागं.” तो फ्रीज वन्संच्या लग्नाच्या वर्षी भंगारात गेला. शिवाय ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढायचा, हा गोदामाचा पहिला धडा. पण मामंजी नवा माल पुढं लावतात, गिऱ्हाईकाला ताजं मिळावं म्हणून. मग मागं राहिलेलं मेतकूट मुदतीच्या तोंडावर सापडतं आणि आठवडाभर आम्ही सगळे मेतकूट-भात खातो.

एवढं करूनही मोजणीला बसलं की माल कमीच भरायचा. चोर म्हणावा, तर कुलूप शाबूत. शेवटी मी दाराशी वही टांगली आणि कोडं सुटलं. सासूबाईंच्या भिशीला साबुदाणा, भावजींच्या मित्राच्या बार्बेक्यूला मसाले, मंडळाच्या गणपतीला गूळ, वन्सं येऊन गेल्या की त्यांच्या गाडीच्या डिकीत थोडं थोडं सगळंच. विचारलं की एकच उत्तर: “घरचंच तर आहे!”

मग मी संगणकावर एक नवं गिऱ्हाईक उघडलं. नाव ‘घर’. जे जाईल ते या खात्यावर मांडायचं. महिनाअखेरीला यादी छापली तर ‘घर’ आमच्या पहिल्या पाच गिऱ्हाइकांत! मामंजींचा चेहरा उतरला. सासूबाईंचा खुलला. त्या म्हणाल्या, “एवढा माल उचलतो, तर आम्हाला सूट किती?” पुढच्या आठवड्यात त्यांनी फुटकं पाकीट म्हणून चिंच परत पाठवली. मी कुरकुरले तेव्हा मामंजींनीच मला दटावलं: “मोठं गिऱ्हाईक आहे. दुखवायचं नाही.”

ते वाक्य मी पकडून ठेवलं. त्याच रात्री जेवताना म्हटलं, मामंजी, घरच्या साबुदाण्याचं बिल निघतं, मग घरच्या सुनेचा पगार का निघत नाही? आई, तुला वाटेल मी वाढून ठेवलेल्या ताटावर भांडले. नाही गं. जाऊबाई पाटावरून उठून माझ्या बाजूला येऊन बसल्या. ‘घरचंच आहे’ म्हणत साबुदाणा जसा विनाबिल बाहेर जात होता, तशीच मी विनापगार आत येत होते. मामंजी आधी हसले, मग गप्प झाले आणि सकाळी हिशेबनिसाला फोन केला. आता पगाराचा कागद येतो. कर कापूनच येतो, पण येतो.

पगार सुरू झाल्यावर माझा धीर वाढला. ‘घर’ खात्यावर नोटीस काढली: तीस दिवसांत बाकी आली नाही तर माल बंद. सासूबाईंनी नोटीस वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. काल माझ्या टेबलावर त्यांच्या अक्षरातलं बिल आलं. ‘घर’ यांजकडून गोदामास, दुपारचे डबे, महिनाभराचे. कंटेनरच्या दिवशीचा चहा वेगळा लावलाय, ट्रकवाल्याच्या दोन कपांसह. मी दोनदा तपासलं, चूक निघत नाही. वजावाट केली तर गोदामच घराचं देणं लागतं.

मामंजी म्हणाले, “अगं, घरचंच तर आहे!”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, “काय गं, मागची थकबाकी किती वर्षांपर्यंत लावता येते?”

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर लवकर द्या.

तुमची,
लेक