धाकटे मालक

पुणे-बंगळूर हायवेवरून शिरोली एमआयडीसीत शिरलात की त्यांचा फ्लेक्स दिसतो. गॉगल, पांढराशुभ्र शर्ट, जोडलेले हात आणि खाली ‘युवा उद्योजक’. दादांना यंदा एक्कावन्न पूर्ण झाली. फोटो मात्र जुनाच आहे, त्यामुळे मजकुरात तशी फसवणूक काही नाही.

दादा म्हणजे फौंड्रीवाल्या घराण्याची तिसरी पिढी. असे दादा एकट्या कोल्हापुरातच असतात असं नाही, पण इथले जरा ठळक असतात. आजोबांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायला घेतले. उसाला पाणी देणारी इंजिनं तेव्हा गावोगाव धडधडत होती, त्यामुळे लेथ रात्रीचाही थांबायचा नाही. पुढं आण्णांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, शिरोलीत भट्टी पेटवली, मग गोकुळ शिरगावात दुसरी. आज पंपाच्या केसिंगपासून ट्रॅक्टरच्या हाउसिंगपर्यंत सगळं ओतलं जातं. शिवाय एक पेट्रोल पंप, एक मंगल कार्यालय आणि एक इंग्लिश मीडियम शाळा. दादा या सगळ्याला ‘ग्रुप’ म्हणतात. आण्णा ‘कारखाना’ म्हणतात, आणि त्यात मंगल कार्यालयही धरतात.

दादांचं व्हिजिटिंग कार्ड दुमडून उघडावं लागतं. एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, शाळेचे सचिव, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे आधारस्तंभ, अशी रांगच आहे. केबिन आहे, केबिनला काच आहे, काचेवर नाव आहे. नाही ती एकच गोष्ट. चेकवर सही.

सही आण्णांची. वय एकोणऐंशी.

विलायतेहून एका वर्षात मॅनेजमेंटची पदवी घेऊन दादा परतले, तेव्हा त्यांनी जाहीर केलं होतं की आपण अगदी खालून सुरुवात करणार. रतन टाटांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात कामगारांच्या बरोबरीनं फावड्यानं चुनखडी उपसली, हे त्यांनी वाचलं होतं. फौंड्रीत चुनखडीला तोटा नव्हता. पहिल्या दिवशी दादा नवंकोरं हेल्मेट घालून मोल्डिंग खात्यात उतरले. मिस्त्री ओरडला, ‘‘धाकटं मालक आल्यात, पंखा फिरवा हिकडं!’’ पंखा फिरला, आणि वाळूसकट सगळं दादांच्या अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या माडीतून खालून सुरुवात केली.

टाटा हे दादांच्या आयुष्याचं पंचांग आहे. तिशी उलटली तेव्हा ते जेआरडींचा दाखला द्यायचे. जेआरडी १९३८ साली चेअरमन झाले, वय अवघं चौतीस. ‘‘चौतीस हे करेक्ट वय आहे,’’ असं दादा रोटरीत सांगायचे. पस्तिसावा वाढदिवस झाला आणि जेआरडी त्यांच्या बोलण्यातून कायमचे गेले. त्यांच्या जागी रतन टाटा आले, कारण त्यांना ती खुर्ची १९९१ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी मिळाली. ‘‘मॅच्युरिटी लागते,’’ असं दादा आता म्हणतात. अजून दोन वर्षं हा दाखला चालेल. त्यापुढची सोय मेहुण्यानं परवा सुचवली. इंग्लंडचे चार्ल्स २०२२ साली गादीवर बसले ते त्र्याहत्तराव्या वर्षी. दादा हसले नाहीत. मनात गणित चाललं असावं.

सहीची जागा हल्ली ओटीपीनं घेतली आहे, पण ओटीपी येतो आण्णांच्या फोनवर. फोन बटणाचा, बंडीच्या आतल्या खिशात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला चार वर्षांनी एकदा गिफा म्हणून फौंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. २०२३ च्या प्रदर्शनाला दादा गेले होते. एका यंत्रमानवासमोर उभे राहून ते दोन जर्मनांना आपलं ‘व्हिजन’ समजावून देत होते. एवढ्यात शिरोलीहून स्टोअरकीपरचा फोन. पिग आयर्नचा ट्रक गेटवर उभा, मागचं बिल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर ताडपत्री सोडायला तयार नाही. दादांनी तिथंच मोबाइलवर बँक उघडली, रक्कम भरली आणि आण्णांना फोन लावला.

‘‘आण्णा, एक ओटीपी आला असेल बघा.’’

‘‘कशाचा?’’

‘‘पिगचे पैसे द्यायचेत.’’

‘‘किती?’’

दादांनी आकडा सांगितला. पलीकडे शांतता. मग, ‘‘गेल्या खेपंला वजनात घट आलेली. ती वळती केलीस काय?’’

‘‘आण्णा, आधी नंबर सांगा, टाइम जातोय.’’

‘‘चष्मा आणू दे की.’’

चष्मा आला. चार आकडे सांगून झाले. पाचव्याला आण्णा थांबले. ‘‘आणि तिथं जेवणाचं काय करतोयस?’’ तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दोघे जर्मन अदबीनं उभे होते. शेवटी आण्णांनीच गेटवर फोन करून ड्रायव्हरला चहा पाजला, घट वळती करून घेतली आणि संध्याकाळी चेक फाडला. यात धंद्याच्या दृष्टीनं चूक आण्णांची नव्हती, हे दादांचं खरं दुःख.

मग माणूस स्वतःचं काहीतरी काढायला बघतो. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी पायताणं चालवली आणि गावात गदारोळ उडाला. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेला आपला माल परके नावही न घेता मिरवतात, यावर दादांचं रक्त खवळलं आणि आठवड्याभरात त्यांनी ‘लक्झरी पायताण’ ब्रँडचा आराखडा केला. लोगो तयार, खोका तयार. खोक्याला आतून मखमल. आण्णांनी खोका उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, ‘‘ह्यात पायताण कुठाय?’’ तो खोका आता देवघरात आहे, कापूर-उदबत्ती ठेवायला चांगला पडतो.

धाकट्या बहिणीचं नाव फ्लेक्सवर नसतं. ती मेटलर्जी शिकलेली. कास्टिंगला भोकं का पडतात, हे साच्याची वाळू मुठीत दाबून सांगते आणि रिजेक्शन खाली आणते. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे तिला तोंडपाठ आहे. ती ते कधी बोलून दाखवत नाही. आण्णा मात्र भट्टीचं काही विचारायचं असलं की तिलाच हाक मारतात.

मालकाच्या खुर्चीच्या बाबतीत कंपनी कायदा मोठा गमतीचा आहे. एकविशीच्या आत मॅनेजिंग डायरेक्टर होता येत नाही आणि सत्तरीनंतर राहायचं असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. आण्णा सत्तरीला टेकले तेव्हा दादांनी नवा सूट शिवून घेतला होता. सभा झाली. ठराव आला. सूचक सीए साहेब. अनुमोदन कोण देणार, म्हणून सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आण्णांनी फक्त चष्म्यावरून पाहिलं. दादांनी अनुमोदन दिलं. मुदत एका वेळी पाच वर्षांची असते, म्हणून पुढच्या खेपेलाही दिलं. सूट तोच होता, पोटावर जरा आवळत होता.

आता नवी काळजी आहे. दादांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला की आजोबांबरोबर सकाळी भट्टीवर जातो. आणि बँकेचं ॲप आजोबांच्या नावानं नव्या फोनवर त्यानंच चालू करून दिलंय. परवा जेवताना आण्णा सहज म्हणाले, ‘‘पोराला औंदा एकविसावं लागलं न्हवं?’’ ते पुरं व्हायला किती महिने आहेत, हे दादांनी ताट बाजूला सारून मोजलं. आण्णांनी तांबड्या रश्श्याची वाटी पुढं सरकवली.

तुमचं बिल या कारखान्यात अडकलं असेल तर सांगून ठेवतो. दादांच्या केबिनमध्ये चहा उत्तम मिळतो, बिस्किटं परदेशी असतात, आणि ‘‘डन समजा’’ असं दहा मिनिटांत ऐकायला मिळतं. तेवढं ऐकून झालं की खाली उतरा. पैसे हवे असतील तर सकाळी साडेसातला, आण्णांची पूजा आटपल्यावर जा. वजनाची पावती न्यायला विसरू नका.