कारण माहीत असलेली खीर

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की ते का बिघडलं, हे मला ताबडतोब सांगता येतं. बिघडू नये म्हणून काय करायचं हे आईला विचारावं लागतं, आणि तेवढा कमीपणा मी सहसा घेत नाही.

बहीण आणि मेव्हणे यायचे होते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलेली, नारळी पौर्णिमाही झालेली, त्यामुळे आमच्या गावी, नवापुरात, जेवणाची काळजी नव्हती. गोडाचं मी अंगावर घेतलं : सफरचंदाची गारेगार खीर. बोईसरच्या बाजारातून सफरचंदं घेऊन शेअर रिक्षात बसलो, तर शेजारच्या मावशी पिशवीकडे बघून हळहळल्या, "कोण आजारी आहे रे?" आमच्या भागात चिकू खायचा असतो, सफरचंद दवाखान्यात न्यायचं.

घरी येऊन ऐटीत कीस पाडला. दूध आटेपर्यंत तो चहाच्या चोथ्यासारखा दिसायला लागला. "पॉलिफिनॉल ऑक्सिडेज," मी आईला म्हणालो. "हवा लागली की हे एन्झाइम रंग बदलतं."

"फोडी आधी मिठाच्या पाण्यात टाकायच्या," आई म्हणाली आणि मांदेली साफ करायला बसली.

रंगाचं काय, वेलची-केशराने झाकता येईल, म्हणून कीस तसाच उकळत्या दुधात लोटला. दूध फाटलं. हेही मला ठाऊक होतं! सफरचंदात मॅलिक आम्ल असतं. दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की त्यातलं केसीन गोळा होतं, आणि दूध तापलेलं असेल तर त्याआधीच. पातेल्यावर वाकून मी हे सांगत होतो. आईने पातेलं माझ्या हाताखालून काढून घेतलं.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. कीस तुपात परतला, साखर घालून शिजवला, पार गार केला, मगच गार दुधात मिसळला. दूध शाबूत राहिलं. पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं आणि वीज गेली.

"अणुवीज केंद्र इतकं जवळ, आणि आपल्याच घरात काळोख?" आई म्हणाली. तारापूरचं केंद्र १९६९ पासून चालू आहे, पण तिथली वीज आधी ग्रिडमध्ये जाते, थेट आपल्या घरात येत नाही, असं मी तिला मेणबत्तीच्या उजेडात समजावत होतो. तेवढ्या वेळात फ्रीजरमधला बर्फ विरघळला. खालच्या खणात खीर होती. वर बोंबील होते, आणि पातेल्यावर झाकण नव्हतं.

वीज आली, पाहुणे आले, जेवणं झाली. आईने फाटलेलं दूध कीस-बीस सकट आटवून, साखर घालून, ताटात थापून वड्या पाडल्या होत्या. त्या कशा जमल्या, हे मला कुणी विचारलं नाही. मी खिरीच्या वाट्या पुढे केल्या. मेव्हण्यांनी एक चमचा तोंडात घातला, जरा थांबले आणि अगदी आदबीने म्हणाले, "दादा, यात बोंबील ओला घातलाय की सुका?"

दुधातली स्निग्धता वास कसा धरून ठेवते, मासळीच्या वासात ट्रायमिथाइलअमाइन कसं असतं, हे सगळं मी मुद्देसूद सांगायला घेतलं. बहीण वड्यांचं ताट पुढे सरकवत म्हणाली, "आई, ह्यातल्या चार डब्यात भरून दे."