लाखाच्या केरसुणीचा खुलासा

स्टुटगार्ट
शनिवार, दुपारी सव्वाएक

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांचे सेवेशी,



काल रात्री आधी ताईचा आणि तिच्या पाठोपाठ आईचा दूरध्वनी आला. दोहोंचा मथितार्थ एवढाच निघाला की आम्ही उभयतांनी एक लाख रुपये मोजून केरसुणी विकत घेतल्याची वार्ता सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत सर्वमान्य झाली असून, त्या चिंतेने बाबांनी रात्रीचे ताकही वर्ज्य केले. ही वार्ता नमूआत्याच्या मुखातून गेली हे कळल्यावर मला आश्चर्य वाटले ते इतकेच, की आकडा लाखावर थांबला कसा. म्हणून हा सविस्तर खुलासा. तो बाबांनी दप्तरी दाखल करावा आणि नमूआत्याला मोठ्याने वाचून दाखवावा. डाळ चुलीवर आहे, चिनू शेजारी खेळायला गेला आहे, आणि एक ते तीन या वेळात आमच्या इमारतीत आवाज करणारे कोणतेही यंत्र चालविण्यास मनाई असल्यामुळे पत्रलेखनासारख्या निःशब्द उद्योगाला मुहूर्त उत्तम आहे.

घडले ते असे. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आगाऊ वेळ ठरवून, कोट-टाय घालून, एक लांबट पेटी घेऊन आमच्या दारी उपस्थित झाले. न सांगता त्यांनी जोडे बाहेर काढल्यामुळे सौ.च्या मनात त्यांच्याविषयी जो आदर उत्पन्न झाला, तो शेवटपर्यंत टिकला. त्यांनी आमच्या गालिच्यावर कसलीशी पूड पसरली आणि पेटीतल्या धूळ ओढणाऱ्या यंत्राने (व्हॅक्यूम क्लीनरने) क्षणार्धात नाहीशी केली. नंतर यंत्राच्या मुखात काळे फडके बसवून ते चिनूच्या गादीवरून फिरविले आणि फडक्यावर जमलेली करडी भुकटी आम्हांस दाखवून, ही मनुष्याच्या त्वचेची झड असून तिच्यावर सूक्ष्म कीटकांचा चरितार्थ चालतो, असे अत्यंत मृदू स्वरात निवेदन केले. सौ.ने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की ती त्वचा जणू मी एकट्यानेच झाडली असावी. किंमत विचारता, सर्व उपकरणांसह हजार युरोंच्या वर, म्हणजे आपल्याकडचा सुमारे लाख, असे उत्तर आले. त्यावर आम्ही गृहस्थांना आल्याचा चहा पाजला, विचार करून कळवितो असे सांगितले आणि निरोप दिला. लाखाची केरसुणी एवढीच. तिची हकीकत सौ.ने ताईला सांगितली, ताईने वहिनीला, आणि पुढचे नमूआत्याने केले.

बाबा, या व्यापारात आपल्या घराण्याला पूर्वानुभव आहे हे मी विसरलो नाही. टायवाल्या विक्रेत्याकडून आपण हौसेने घेतलेले ते निळे यंत्र, आईने 'सणासुदीला काढू' म्हणून पुन्हा खोक्यात ठेवल्यापासून माळ्यावर वास्तव्य करून आहे, आणि दर खंडेनवमीला हळदकुंकू व झेंडूचे फूल ग्रहण करते. धूळ पुसण्याचे काम त्याने कधी केले नाही; धूळ त्याच्यावरची पुसावी लागते. यंदाही पूजा झाली ना?

'किती वॅटचे घेतलेस?' हा आपला प्रश्न ताईने निष्ठेने पोहोचविला. आपल्याकडे दुकानदार वॅटचा आकडा जितका मोठा तितका छाती फुगवून सांगतो. येथे तसे करण्याची सोय उरलेली नाही. युरोपीय संघाचा हुकूम 2014 च्या सप्टेंबरापासून असा लागू झाला की धूळ ओढणारे घरगुती यंत्र 1600 वॅटच्या आत असावे, आणि 2017 च्या सप्टेंबरापासून ही मर्यादा 900 च्या आत आणून शिवाय आवाजही 80 डेसिबेलांच्या वर जाऊ नये असे कलम घालण्यात आले. प्रारंभी लोकांनी पुष्कळ आकांत केला, परंतु वॅट म्हणजे गाय किती चारा खाते याचा आकडा. ती दूध किती देते ते त्यावरून कळत नाही. मोटर, नळी आणि तोंडाची ठेवण सुधारल्यावर आठशे-साडेआठशे वॅटांत गालिचा तितकाच स्वच्छ होतो.

याच हुकुमासोबत प्रत्येक यंत्रावर दर्जाची रंगीत चिठ्ठी डकविण्याचा प्रघात पडला होता. तिच्या मागचा हिशेब आपणांस, महालेखापालांच्या कचेरीत आयुष्य वेचल्यामुळे, विशेष आवडेल. सरकारी सूत्रात असे गृहीत धरले होते की कुटुंबाचे घर 87 चौरस मीटरांचे असते आणि ते वर्षातून 50 वेळा झाडले जाते. वर्षाचे आठवडे 52; उरलेले दोन आठवडे कुटुंब रजेवर गेले असावे. पुढे डायसन कंपनीने या चिठ्ठीविरुद्ध दावा लावला, आणि लक्झेंबुर्ग येथील न्यायालयाने 2018 साली ती रद्द ठरविली, कारण चाचणी होत असे ती धुळीचा कप्पा रिकामा ठेवून. ज्याच्या पोटात कधी केर गेलाच नाही त्याला अव्वल दर्जाचे प्रशस्तिपत्र मिळत होते! 2019 च्या जानेवारीपासून त्या चिठ्ठ्या अंतर्धान पावल्या. आपण लेखापरीक्षणाला असता तर हा आक्षेप पहिल्याच दिवशी नोंदविला असता.

(डाळ उतू गेली; ओटा पुसून आलो.)

आता जमाखर्च. विजेची धास्ती आईने घेऊ नये. नियमानुसार या यंत्राने वर्षाला 43 युनिटांहून कमी वीज खाल्ली पाहिजे. युनिटचा दर पस्तीस सेंटांच्या आसपास धरला तरी वर्षाचे पंधरा युरो होतात. खरा खर्च आहे तो पिशव्यांचा. मूळ कंपनीच्या चार पिशव्यांची पेटी साधारण पंधरा युरोंना पडते, आमच्या घरी एक पिशवी दोन महिन्यांत भरते, म्हणजे विजेहून कागदकापडाची पिशवी महाग. 'मग बिनपिशवीचे घ्यावे' असे अण्णाकाका म्हणतील. त्यांना सांगावे की त्याचा डबा कचऱ्याच्या पेटीवर उलटा करताना निम्मी धूळ पुन्हा आपल्याच नाकात जाते, आणि चिनूची शिंक ही या सर्व प्रकरणाचे मूळ आहे. वायरीविना चालणारी यंत्रे दिसावयास देखणी, परंतु त्यांची बॅटरी काही वर्षांनी थकते आणि नवीन घेताना शंभरेक युरो जातात. आपोआप फिरणाऱ्या चकतीविषयी न बोललेले बरे. आमच्या एका मित्राकडे पाडव्याच्या दिवशी तिने देवासमोरची रांगोळी, अक्षता आणि समईची जास्तीची वात एवढा ऐवज गिळला आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने आपल्या जागी जाऊन बसली.

अखेर मी वाचनालयात बसून श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या संस्थेचे अंक चाळले. सरकारने 1964 साली स्थापिलेली ही संस्था आपल्या मासिकात जाहिरात घेत नाही, आणि गालिचा, फरशी व फटी यांतून कोण किती धूळ उचलतो, कप्पा भरत आल्यावर कोणाचा दम जातो, याच्या परीक्षा घेऊन गुण देते. किमतीचा क्रम आणि गुणांचा क्रम यांची सोयरीक क्वचितच जुळते, असे माझे मत झाले. घेतले ते पिशवीचेच, दोनशे युरोंच्या आतले. नमूआत्याला हा आकडा दोनदा वाचून दाखवावा.

येथवरचे सर्व सुखाचे होते. यंत्र चालवावे कधी, हा प्रश्न मात्र सुटता सुटत नाही. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघे कामावर, परत येऊन जेवणखाण होईतो रात्रीची शांतता लागू होते. शनिवारी दुपारी विश्रांतीचा काल. आणि रविवार तर संपूर्ण निषिद्ध. घरभाड्याच्या करारास जोडलेली नियमावली मी आपल्या शिस्तीने वाचली आहे. रविवारी भिंतीत खिळा ठोकू नये, यंत्राने झाडू नये, रिकाम्या बाटल्या काचेच्या कुंडात टाकू नयेत. शिवाय येथे प्रत्येक बिऱ्हाडावर आठवड्याची झाडण्याची पाळी येते. ती आली की दाराला पाटी लटकते, आणि जिना, तळघर व फुटपाथ आपल्या पदरी पडतात. हा शिरस्ता कालपरवाचा नव्हे. वुर्टेमबर्गच्या दाढीवाल्या एबरहार्ड काउंटाने 1492 साली, म्हणजे कोलंबस ज्या वर्षी समुद्रात निघाला त्याच वर्षी, स्टुटगार्टच्या प्रजेला आपली घाण दर आठवड्यास बाहेर नेण्याचा हुकूम फर्मावला होता. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई त्या हुकुमाच्या बजावणीसाठीच मागे राहिल्या असाव्यात असे वाटते. त्या माझ्या झाडून झालेल्या पायरीवरून बोट फिरवितात, बोटाकडे पाहतात आणि 'शुभ दिन' म्हणून आत जातात. मुंबई आणि स्टुटगार्ट या 1968 पासून भगिनी-नगरी आहेत. पुण्याला विचारले असते तर दुपारची विश्रांती एक ते चार हवी, अशी अट पुण्याने आधी घातली असती आणि तह तिथेच मोडला असता.

आई, काल तू दोनदा विचारलेस, 'आवाज येत नाही का रे, बोलत का नाहीस?' येत होता. तुझ्याकडे पहाट झाली होती आणि तुझ्यामागे अंगणात पारूबाई खराटा मारीत होत्या. दोन लांब फराटे, मग एक आखूड, मग बादलीची कडी. इथल्या रविवारी सकाळी घड्याळाची टिकटिक दुसऱ्या खोलीत ऐकू येते. चिनूने परवा विचारले की आजीकडे एवढा आवाज का असतो. मला त्याला काही सांगता आले नाही, सौ. उठून चहा टाकायला गेली. पुढल्या वेळी फोन अंगणाच्या बाजूला धरून बोलत जा.

आता तिकडच्या गोष्टी. बंडूला सांगलीची मुलगी पसंत पडली हे उत्तम, परंतु मुलीला बंडू पसंत पडला का, हे ताईने सांगितलेच नाही, कळवावे. अण्णाकाकांचा मोतीबिंदू निघाल्यावर त्यांना काकूंचा स्वयंपाक प्रथमच स्पष्ट दिसला, हा विनोद त्यांचा स्वतःचा असेल तर प्रकृती निश्चित सुधारली म्हणायची. इमारतीच्या पुनर्विकासाच्या कागदावर तिसऱ्या मजल्याने अजून सही केली नाही म्हणून बाबांनी जिन्यात त्यांच्याशी बोलणे सोडले, असे समजले; जिन्यात बोलू नये, पण वरून पाणी सोडण्यापुरते तरी संबंध राखावेत. वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो पाहिले. चंद्रकळा कोणी नेसवली? निऱ्या ताईच्या हातच्या दिसत नाहीत.

आईने पुढच्या पार्सलात तूप आणि पेढे घालू नयेत. दुधाचे पदार्थ बाहेरून येथे आणण्यास बंदी आहे, आणि आपले तूप जकातीच्या कचेरीत नष्ट होण्याची कल्पना मला सहन होत नाही. भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट यांस हरकत नाही. मात्र 45 युरोंपर्यंतच्या भेटीलाच जकात माफ असल्यामुळे, बाहेरच्या कागदावर बाबांनी मसाल्याची बाजारभावाने किंमत लिहावी, आईच्या मते जी असेल ती लिहू नये.

तीन वाजले. आता यंत्राला परवानगी आहे, आणि सौ. वायर हातात घेऊन दारात उभी आहे.

आपला आज्ञाधारक,
बाळ

ता. क. : बंडूच्या लग्नाची तिथी ईस्टरच्या सुट्टीत बसते का, हे गुरुजींना विचारावे. चिनूची शाळा अन्य कोणताही मुहूर्त मानीत नाही.