भैया, तू कुठला?

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रोज सकाळी एक नातं जुळतं आणि पाच मिनिटांत मोडतं. ‘ए भैया, कोथिंबीर कशी दिलीस?’ भैया म्हणजे थोरला भाऊ. शब्द त्यांच्याकडून उचलला, त्याच्यासोबतचं ‘आप’ तिकडेच ठेवलं. शेजारच्या वहिनी म्हणतात, आपण दादालाही ‘तू’च म्हणतो की! खरंय. पण दादाकडे कुणी वर कढीपत्ता फुकट मागत नाही.

पेपरात हाच माणूस ‘परप्रांतीय’. निवडणूक आली की फलकावर ‘उत्तर भारतीय बांधव’.

त्याला स्वतःला विचारा. आपण उत्तरेचे आहोत, हे त्याच्या गावीही नसतं. जौनपूर-आझमगडकडचा माणूस पुरबिया. मेरठकडचे लोक त्याच्या लेखी पछांहचे, म्हणजे पश्चिमेचे. दिल्लीतही तो पुरबियाच. पंजाबात मात्र पुन्हा ‘भैया’, आणि तिथंही काही मायेनं नव्हे.

हसू नका. चेन्नईत उतरून हिंदीत पत्ता विचारलात की तुम्हीच ‘वडक्कन’. वडक्कु म्हणजे उत्तर. त्या गाठोड्यात पुणं, पाटणा, पानिपत सगळं एकत्र. तुम्ही पोटतिडकीनं सांगता, अहो, उत्तरेनं आम्हाला ‘दक्षिणी’ म्हटलंय, काशीत पिढ्या काढलेल्या मराठी भटजींनासुद्धा! रिक्षावाला शांतपणे ऐकून घेतो आणि मीटर टाकत नाही.

घाट ओलांडून केरळात जा, तर हाच शब्द ताठ मानेनं मिरवतो. ‘वडक्कन पाट्टुकळ’ म्हणजे उत्तर मलबारचे पोवाडे. त्यांतल्या चंदूला 1989 साली ‘ओरु वडक्कन वीरगाथा’मध्ये मामूटीनं पडद्यावर आणलं. स्वतःच्या घरातली उत्तर शूर असते. बाहेरून आलेला मजूर तिथं सरसकट ‘बंगाली’, मग तो ओडिशाचा असो की आसामचा. सरकारी कागदावर तो ‘अतिथी कामगार’ आहे. (अतिथीकडून विटा वाहून घेण्याची रीत कुठल्या शास्त्रात आहे, देव जाणे.)

परवा फाटकाशी नवा भाजीवाला आला. वहिनींनी नेहमीच्या सुरात हाक मारली, ‘ए भैया, मेथी कैसे दिया?’

‘ताई, मी चाळीसगावचा.’

म्हणजे उत्तरेचाच, पण उत्तर महाराष्ट्राचा. वहिनी खुलल्या. ‘अगंबाई, मग तुम्ही आपलेच की!’

‘तू’चं ‘तुम्ही’ झालं. कढीपत्ता मात्र फुकटच घेतला.